दोन कळांच्या मध्ये

कळ दुखते. भीती मात्र कळ ओसरल्यावर सुरू होते.

पहिलटकरणीला हे सहसा कुणी आधी सांगत नाही. बाळंतपणाची कळ पाऊण ते एक मिनिट टिकते आणि जाते. पूर्ण जाते. पुढची येईपर्यंत सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटं, मग पाच, शेवटी शेवटी दोन-तीन मिनिटं अंग मोकळं असतं. गर्भाशय सैल पडतं, वारेतून बाळाकडे जाणारं रक्त पुन्हा नीट वाहू लागतं, आईला श्वास भरून घेता येतो. बारा तासांच्या बाळंतपणात प्रत्यक्ष कळांचा वेळ मोजला, तर तो निम्म्याहून बराच कमी भरतो. बाकीची सगळी विश्रांती. पण घाबरलेल्या बाईला ती लाभत नाही. कळ गेली तरी तिच्या मुठी वळलेल्याच असतात, दात दाबलेले, डोळे दाराकडे, मन पुढच्या कळेत.

दुखणं शरीर देतं, विसावाही शरीरच देतं. भीती तेवढा विसावा खाऊन टाकते.

सुईणीचं खरं काम या मधल्या वेळात असतं. बहुतेक मुलं आपली आपण जन्माला येतात, सुईण ती झेलते. दोन कळांमधलं स्वस्थपण आपलं आपण येत नाही. ते आणावं लागतं.

वाशीम जिल्ह्यात, मानोऱ्याकडच्या तांड्यांवर, रिसोड-मालेगावच्या सोयाबीन-तुरीच्या गावांत, बाईला दिवस गेल्याचं कळलं की गोष्टी सुरू होतात. कुणाची जाऊ अडली होती, कुणाला वाटेतच कळा आल्या, कुणाच्या अंगावरून इतकं गेलं की रातोरात अकोला गाठावं लागलं. नीट बाळंत झालेल्या बाईची गोष्ट कुणी सांगत नाही, कारण तिच्यात सांगण्यासारखं काही घडलेलंच नसतं. नऊ महिन्यांत पोरीच्या कानावर फक्त अपघात पडतात.

ही भीती अडाणी नाही. बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असं आपण म्हणत आलो ते उगीच नव्हे. आजीच्या काळी प्रत्येक पंचक्रोशीत बाळंतपणात गेलेल्या बाया होत्या, आणि त्यांची मागे राहिलेली लेकरं गावाच्या डोळ्यांपुढे वाढली होती. २०१८-२० च्या नोंदीत महाराष्ट्रात १ लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यूंचं प्रमाण ३३ होतं, देशाचं ९७. धोका पुष्कळ घटला. पण घरातली म्हातारी आकडा सांगत नाही, आठवण सांगते. आठवण माणसापेक्षा जास्त जगते.

‘घाबरू नकोस’ हे वाक्य म्हणूनच फार कामाचं नाही. घाबरलेल्या बाईला त्यातून एवढंच समजतं, की आपण घाबरलो हे चुकलं, आता भीती लपवली पाहिजे. लपवलेली भीती मग रात्री तीन वाजता कळांबरोबर बाहेर पडते.

जाणती सिस्टर आधी विचारते, “कायचं भेव वाटते वं माय तुले?” आणि उत्तरासाठी थांबते.

उत्तरं ऐकण्यासारखी असतात. कुणी मरणाला भिते. कुणी चिरण्याला, कारण सिझर झालं तर सोंगणीच्या हंगामात वाकता येणार नाही आणि मजुरी बुडेल. कुणी तपासणीला, परक्यापुढे उघडं पडण्याला. कुणी सिस्टरच्याच ओरडण्याला भिते. आणि जिच्या घरात आधीच्या दोन लेकी आहेत, ती कळांना भीतच नाही. मूल बाहेर आल्यावर दारातून येणाऱ्या पहिल्या प्रश्नाची तिला भीती असते. या सगळ्या जणींना एकच ठरावीक धीर दिला, तर तो एकीलाही पोचत नाही.

ग्रँटली डिक-रीड या इंग्रज डॉक्टरांनी १९३३ साली लिहिलं, की भीतीनं शरीर आखडतं, आखडलं की जास्त दुखतं, जास्त दुखलं की भीती वाढते. भीती गेली की दुखणंही जाईल, इथपर्यंत त्यांच्यामागे जाण्याचं कारण नाही. न घाबरलेल्या बाईलाही दुखतं, चांगलंच दुखतं. पण चक्र त्यांनी बरोबर ओळखलं होतं. भ्यालेल्या शरीरात ॲड्रेनॅलिन चढतं, ते कळा आणणाऱ्या ऑक्सिटोसिनच्या आड येतं आणि कळा रेंगाळतात. मग बाळंतपण लांबतं, आणि लांबलेलं बाळंतपण पाहून बाहेरचे नातेवाईकही घाबरतात. बाळंतपणाच्या टोकाच्या भीतीला ‘टोकोफोबिया’ हे नाव ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञांनी २००० साली रूढ केलं. दुखण्याला नाव मिळालं ही चांगली गोष्ट झाली. नाव नव्हतं तेव्हाही त्यावर हात फिरत होता.

तो हात नीट आठवला पाहिजे.

जुन्या घरांतून बाई अडली की दारांच्या कड्या काढत, पेट्यांची कुलपं उघडत, तिच्या केसांची गाठ सोडत. याला अंधश्रद्धा म्हणून पुढे जाता येतं, आणि कुलूप उघडल्यानं मूल सुटत नाही हे खरंच आहे. पण कळा सोसणाऱ्या बाईला त्या वेळी काय दिसत होतं? आपल्यासाठी सगळं घर उठलंय, आपल्यासाठी दारं उघडताहेत. एरवी त्या घरानं तिच्यासाठी काय उघडलं होतं? सुईण तिला उकिडवी बसवायची, एखाद्या थोराड बाईला पाठीशी टेकायला द्यायची, कमरेवर तेलाचा हात चालू ठेवायची. उताणं निजवून पाय वर अडकवण्याची रीत पुढे दवाखान्यातून आली. ती तपासणाऱ्याच्या सोयीची होती. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ साली बाळंतपणातल्या शुश्रूषेच्या शिफारशी केल्या, त्यात बाईला सोसेल तसं बसू द्यावं, हिंडू द्यावं, ती निवडेल त्या स्थितीत बाळंत होऊ द्यावं, असं आहे. सुईणीच्या खोलीत हे चालतच होतं.

पण त्याच खोलीत विळ्यानं नाळ कापली जात होती, नाळेवर राख लावली जात होती. धनुर्वातानं किती तान्ही गेली याची मोजदाद कोणी ठेवली नाही. माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताचं भारतातून उच्चाटन झाल्याचं २०१५ साली जागतिक पातळीवर मान्य झालं, आणि ते धीर देणाऱ्या हातांमुळे झालं नाही. ते लशीनं, कोऱ्या ब्लेडनं, उकळलेल्या दोऱ्यानं आणि दवाखान्यानं झालं. सुईणीचे गोडवे गाताना हे विसरणाऱ्यांशी माझं जमत नाही. सुईणीला टाकाऊ ठरवणाऱ्यांशीही जमत नाही.

ती सुईण बहुतेक गावांत खालच्या मानलेल्या जातीतली असे, पुष्कळदा विधवा. कळा आल्या की तिला आतल्या खोलीत, बाईच्या उघड्या अंगाशी नेत. पाचवी पुजून झाली, लुगडं आणि पायलीभर ज्वारी पदरात पडली, की तीच पुन्हा अंगणाबाहेरची. गावाचं प्रत्येक लेकरू पहिल्यांदा शिवलं ते तिनं, आणि तरी तिचाच विटाळ. बाळंतिणींच्या भीतीबद्दल बोलताना या बाईनं काय काय गिळलं असेल, तेही बोललं पाहिजे.

भीतीचा एक प्रकार असा, की त्यात प्रश्न जगण्यामरण्याचा नसतो, तोंड दाखवण्याचा असतो. १८६३ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी इथे यावं, गुपचूप बाळंत व्हावं, मूल न्यावं की ठेवावं हे आपल्या इच्छेनं ठरवावं, अशी जाहीर पत्रकं त्यांनी लावली. सावित्रीबाई त्या बायांची बाळंतपणं आपल्या हातानं करत. यशवंत, त्यांनी दत्तक घेतलेला मुलगा, तिथेच जन्मलेला. त्या बायांना कळांची भीती सोसण्याइतकीही फुरसत नव्हती, कारण त्यांच्यापुढे विहीर होती. त्यांना धीर कोणत्या शब्दांत दिला असेल? मला वाटतं, शब्दांची गरज फारशी पडली नसेल. ‘मूल तुझं, निर्णय तुझा’ हे पत्रकातच लिहिलेलं होतं.

आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि त्यांचं बाळ दहा दिवसांत गेलं. पुढे १८८६ साली अमेरिकेत त्या डॉक्टर झाल्या, तेव्हा पदवीच्या प्रबंधासाठी त्यांनी घेतलेला विषय होता आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. आपल्याला ज्या खोलीत काही सांगितलं गेलं नाही, त्या खोलीकडे त्या शिकून परत वळल्या.

आता बाळंतपण घरातून निघालं. २००५ साली जननी सुरक्षा योजना आली, पाठोपाठ गावोगाव आशाताई आल्या, २०१४ पासून १०८ ची गाडी धावू लागली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातली जवळपास ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाल्याचं दिसलं. हे मोठं काम आहे आणि ते मुख्यतः कमी पगाराच्या बायांनी केलं आहे. वाशीमसारख्या जिल्ह्यात, ज्याची गणना २०१८ साली देशातल्या आकांक्षित जिल्ह्यांत झाली, ते आणखी मोठं.

मात्र घरातून दवाखान्यात जाताना एक गोष्ट उंबऱ्याशी राहून गेली. घरी बाईभोवती चार बाया होत्या. लेबर रूमच्या दाराशी माय थांबवली जाते, सासू थांबवली जाते, आशाताईही कधी आत, कधी बाहेर. आत बाई एकटी, शेजारच्या टेबलावर दुसरी एकटी. बाळंतपणाचा धोका कमी करायला गेलो आणि सोबतही कमी करून बसलो. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. सरकारी दवाखान्यांत बाळंतिणीजवळ तिच्या माणसातली एक बाई असू द्यावी, अशी सूचना केंद्र सरकारनं २०१६ साली काढलेली आहे. दार अजून सगळीकडे उघडलेलं नाही. जागा नाही, पडदा नाही, गर्दी होते, अशी कारणं सांगतात. पडद्याला फार पैसे लागत नाहीत.

सोबतीचा उपयोग मोजलाही गेला आहे. १७ देशांतल्या १५ हजारांहून जास्त बायांवर झालेल्या २६ चाचण्या एकत्र तपासून २०१७ साली निष्कर्ष निघाला, की बाळंतपणभर कुणी सतत जवळ राहिलं तर सिझरचं प्रमाण घटतं, कळांचा काळ थोडा आखडतो, आणि बाळंतपणाबद्दल कडवट आठवण राहणाऱ्या बाया कमी होतात. औषध असतं तर याची जाहिरात झाली असती.

सतत हा शब्द त्यात महत्त्वाचा. दर अर्ध्या तासानं येऊन ठोके ऐकून जाणं ही तपासणी झाली, सोबत नव्हे.

रात्रीचे दोन. प्राथमिक आरोग्य केंद्रातलं लोखंडी टेबल, भिंतीवर पाल, बाहेर बाकावर पेंगणारा नवरा. बाई म्हणते, “मरतो वं माय मी.” जाणती सिस्टर त्यावर ‘असं बोलू नये’ म्हणत नाही. ती बाईचा तळवा उचलते, तिच्याच पोटावर ठेवते, आणि त्यावर आपला ठेवते. पोट हळूहळू कडक होत जातं. “येऊन रायली पाय. येऊ दे. तोंड उघडं ठेव, दात नोको दाबू.” दोघींचे हात कडक पोटावर. मग हाताखाली ते सैल पडू लागतं. “आता उतरून रायली. उतरली. पाय, कसं नरम झालं.” चार-पाच कळा अशा जातात. सहाव्या वेळी बाई स्वतःच म्हणते, “गेली.” 

इथे काहीतरी बदलतं. तोवर कळ तिच्यावर येऊन आदळत होती, आता ती कळेची खबर देते. सिस्टर तिची वळलेली मूठ एकेक बोट करून सोडवते, पाण्याचा घोट देते. दोन कळांच्या मधल्या तीन मिनिटांत बाईचा डोळा लागतो. कळांच्या ऐन भरात बायकांना अशी डुलकी लागते, हे ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांना खरं वाटत नाही.

तांड्यावरची बाई कळांत मराठी विसरते, बंजाऱ्यांच्या गोरमाटीत ‘याडी’, म्हणजे आई, म्हणून हाका मारते. तिथली एखादी नर्स तिच्याच बोलीत ओ देते, तेव्हा निम्मं काम झालेलं असतं.

‘झालंच आता, थोडं राहिलं’ हे लेबर रूममधलं सगळ्यात महागात पडणारं खोटं. थोडं राहिलेलं नसतं. तासाभरानं बाईला ते कळतं, आणि मग पुढचं खरं सांगितलेलंही तिला खोटं वाटतं. चांगली सुईण खरं सांगते. अजून वेळ आहे, पुढे याहून जास्त दुखेल, जोर करावासा वाटेल पण मी सांगेपर्यंत करायचा नाही, मूल येताना खाली आग होईल, ती मिनिटभरच असेल. ठाऊक असलेलं दुखणं सोसता येतं. आत तपासण्याआधी ती विचारते, हात धुताना बोलत राहते, काय करणार ते सांगते, मगच करते. अंगाला न विचारता लागलेला हात, मग तो डॉक्टरचा का असेना, भीतीत भर टाकतो.

आणि कधी कधी भीती बरोबर असते. सातव्या-आठव्या महिन्यात बाई म्हणते, “मले बरं नाई वाटून रायलं, डोकं उठलं, डोयापुढं अंधारी येते.” तेव्हा तिला ‘उगाच भितेस’ म्हणणारी सुईण धोकादायक. रक्तदाब वाढलेला असू शकतो, झटके येऊ शकतात. बाळ हलत नाही असं आईला वाटलं, तर तिच्या वाटण्यावर आधी विश्वास ठेवायचा, मग ठोके ऐकायचे. धीर देणं म्हणजे भीती गप्प करणं असं ज्यांना वाटतं, त्यांच्या हातून बाया जातात. भीती ऐकून घ्यायची असते, कारण तिच्यात बातमी असू शकते.

मग ‘अकोल्याला न्या’ हे शब्द येतात. वाशीमच्या बाईला यांच्याइतकी कशाची भीती वाटत नसेल. अकोल्याचं स्त्री रुग्णालय, जुन्या माणसांच्या तोंडी अजून ‘लेडी हार्डिंग’, वाशिमापासून ८० किलोमीटरच्या आसपास. बाईच्या लेखी तिथे नेतात म्हणजे इथल्यांनी हात टेकले. जाणती सिस्टर रेफरची चिठ्ठी नवऱ्याच्या हातात देण्याआधी बाईच्या कानाशी वाकते. का नेतोय, तिथे काय आहे जे इथे नाही, गाडीत कोण असेल. तीन वाक्यं. ती न बोलता चिठ्ठी दिली, तर बाई सगळा रस्ता आपलं मरण पाहत जाते. ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशीमला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, त्यामुळे हा रस्ता पुढे आखूड व्हावा. चिठ्ठीआधीची तीन वाक्यं तेव्हाही लागतील.

ओरडणाऱ्या सिस्टरबद्दलही लिहिलं पाहिजे. ‘तेव्हा नाही ओरडलीस, आता कशाला ओरडतेस’ हे वाक्य आपल्याकडच्या लेबर रूममधून पिढ्यान्‌पिढ्या बोललं गेलं आहे. ते ऐकलेली बाई नातीला लग्नाआधीच सांगते, दवाखान्यात तोंड बंद ठेवायचं. या वाक्याला माफी नाही. पण ते बोलणारी बाई पुष्कळदा स्वतः भ्यालेली असते. रात्रपाळीला एकटी, दोन टेबलं भरलेली, एकीचं रक्त थांबत नाही, डॉक्टर फोन उचलत नाहीत, बाहेर वीस माणसांचा जमाव. उद्या काही झालं तर तिचं नाव वहीत. तिची भीती कुणी विचारली नाही, म्हणून ती खालच्या बाईवर उतरली. दुसऱ्याला धीर देणाऱ्या बाईच्या पाठीशी कुणीतरी उभं लागतं. ते उभं करणं शिबिरातल्या भाषणानं होत नाही, आणखी एका नेमणुकीनं होतं.

२०१८ च्या डिसेंबरात केंद्र सरकारनं सुईणपणाच्या सेवेचं धोरण मांडलं. शिकलेल्या परिचारिकेला १८ महिन्यांचं वेगळं प्रशिक्षण द्यायचं, आणि साधी, निर्धोक बाळंतपणं तिच्या हाती सोपवायची, डॉक्टर हाकेच्या अंतरावर. शेजारच्या तेलंगणानं हैदराबादच्या फर्नांडिस रुग्णालयाच्या मदतीनं या वाटेवर आधीच पाऊल टाकलं होतं. विदर्भालाही हे परकं नाही. गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंग यांच्या ‘सर्च’नं गावातल्या शिकलेल्या बाईला दाईच्या जोडीनं बाळंतिणीच्या घरात बसवलं, तान्ही मुलं वाचवून दाखवली, आणि १९९९ साली ते जगापुढे मांडलं. हात जुना, शिकवण नवी, असं आपल्याकडे होऊन गेलेलं आहे.

तांड्यावर नववा लागलेली पोर आशाताईला दवाखान्याबद्दल फार काही विचारत नाही. मशीन कोणती, खाटा किती, डॉक्टर शिकलेला कुठला, यातलं काहीच नाही. ती विचारते, “रातच्याले कोनती सिस्टर हाय?” नाव सांगितलं की तिचा चेहरा सैल पडतो, किंवा पडत नाही. ड्युटीचा तक्ता दर महिन्याला बदलतो, आणि आशाताईला तो पाठ असतो.